सव्वापाचचे पाणी

बँकेतील चौतीस वर्षांच्या नोकरीतून मी निवृत्त झाले, त्या दिवशी मला शाल, श्रीफळ, गणपतीची एक छोटी मूर्ती आणि एक प्रश्न मिळाला. पहिल्या तीन वस्तू एकदाच मिळाल्या. प्रश्न मात्र पुढचे सहा महिने रोज मिळत राहिला. भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, जिन्यात, जो भेटेल तो विचारी, "मग, आता पुढे काय?" विचारणाऱ्यांच्या मनात माझ्याविषयी आस्थाच असे. पण "काही नाही, आता घरीच," हे माझे उत्तर ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही काळजी उमटे, की समोरच्या माणसाला धीर देण्यासाठी तरी आपण आयुष्याचे काहीतरी मोठे ध्येय ठरवले पाहिजे असे मला वाटू लागले.

या कामी पहिली मदत सुनेने केली. ती पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करते, आणि तिच्या कार्यालयात अशा गोष्टींची शिबिरे होत असतात. दिवाळीला नाशिकला आली तेव्हा तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर 'इकिगाई' असे शीर्षक आणि खाली एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळे होती. आपल्याला काय आवडते, आपल्याला काय चांगले जमते, कशाचे पैसे मिळतात आणि जगाला कशाची गरज आहे, ही चार उत्तरे चार वर्तुळांत लिहायची आणि मधोमध जे उरेल ते आपल्या जगण्याचे प्रयोजन समजायचे. "आई, तासाभरात सापडेल तुम्हाला," असे ती म्हणाली, आणि तिच्या या विश्वासाचे मला फार अप्रूप वाटले. मी चष्मा लावून, पेन्सिलीला टोक करून बसले. काय आवडते, तर दिवसअखेर रोकड आणि वही यांचा मेळ एका पैशाचाही फरक न राहता बसणे. काय जमते, तर तेच. पैसे कशाचे मिळतात, तर आता निवृत्तिवेतन मिळते. चौथ्या वर्तुळापाशी मी अडले आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या यजमानांना विचारले, "जगाला कशाची गरज आहे हो?" ते कोरड्या नळाखाली रिकामे पातेले धरून उभे होते. ते म्हणाले, "पाण्याची." मी ते लिहून ठेवले, पुढे खोडता येईल म्हणून पेन्सिलीनेच.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी शब्दांची वाण नाही. ध्येय आहे, उद्दिष्ट आहे, प्रयोजन आहे, जन्माचे सार्थक आहे. पण घरात रोज वापरला जाणारा शब्दप्रयोग निराळाच आहे. मुलाला नोकरी लागली की आपण म्हणतो, मुलगा 'मार्गी लागला'. एखाद्या विरक्त साधकाविषयी बोलावे तसे आपण विमा कंपनीत चिकटलेल्या भाच्याविषयी बोलतो. मला हा शब्द प्रिय आहे, कारण त्यात मुक्कामाचा उल्लेख नाही. तो कुठे पोहोचणार हे कोणी विचारत नाही. रस्त्याला लागला, चालू लागला, एवढ्यावर घरचे समाधान मानतात. चिंता असते ती न चालणाऱ्याची.

अर्थात मुक्काम आधीच कळावा ही हौसही आपल्याकडे जुनी आहे. बाळाच्या उष्टावणाच्या वेळी त्याच्यापुढे पुस्तक, लेखणी, शस्त्र, सोने, धान्य अशा वस्तू मांडायच्या आणि ते ज्याला हात घालील तो त्याचा चरितार्थ मानायचा, ही रीत धर्मशास्त्राच्या ग्रंथांत 'जीविकापरीक्षा' या भारदस्त नावाने आली आहे. माझ्या भाचीच्या मुलाचे उष्टावण मी डोळ्यांनी पाहिले. चांदीच्या ताटात गीता, पेन, अंगठी, मूठभर तांदूळ आणि काळाची गरज म्हणून संगणकाचा माउस ठेवला होता. सहा महिन्यांचा तो गृहस्थ पालथा पडून सगळ्यांकडे पाहत राहिला, मग त्याने दोन्ही हातांनी ताटाचीच कड धरली आणि सर्व विद्या, संपत्ती आणि धान्य यांसह ते ताट उलटे केले. क्षणभर सगळे गप्प झाले. त्याच्या पणजीने निर्वाळा दिला की पोरगा केटरिंगमध्ये नाव काढील, आणि त्या निकालाने मंडळींची चिंता मिटून पंगत बसली.

दुसरी परीक्षा शाळेची. २०१६पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची राज्य मंडळातर्फे कलचाचणी होत असे. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य अशा सात क्षेत्रांपैकी आपला ओढा कुठे आहे, हे त्या चाचणीतून मुलांना कळे. माझ्या पुतणीच्या निकालावर 'गणवेशधारी सेवा' असे आले. आमच्या घराण्यात तोपर्यंत शाळेच्या गणवेशापलीकडे कोणी गेले नव्हते. दिरांनी लगेच पोलीस भरतीच्या उंचीची चौकशी केली, जाऊबाई सीमेवरच्या थंडीच्या विचाराने रडू लागल्या, आणि ज्या मुलीवरून हे सर्व चालले होते ती शांतपणे पोहे खात होती. शेवटी आमच्या सासूबाईंनी विचारले, "पांढरा कोट हा गणवेश नाही होय?" ती मुलगी आज फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिचा कोट रोज इस्त्रीचा असतो, त्यामुळे चाचणी चुकली असे कोणालाच म्हणता येत नाही.

या दोन्ही परीक्षा मला आवडतात, आणि त्या करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पोर कुठे जाईल या काळजीपोटी माणसे काय काय मांडून बसतात! पण दोन्ही परीक्षांत उत्तर आधी मिळते आणि आयुष्य नंतर यायचे असते. माझे तसे नव्हते. माझे आयुष्य बरेचसे येऊन गेले होते, आणि उत्तर मागाहून हवे होते. म्हणून मी एका दोन दिवसांच्या शिबिराला गेले. आम्ही तीस जण होतो आणि बहुतेकांनी साठी ओलांडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मार्गदर्शकांनी सांगितले, की आपल्या शोकसभेत लोकांनी आपल्याविषयी काय बोलावे असे वाटते, ते भाषण स्वतःच लिहा. त्यातून आपल्याला खरे काय हवे आहे ते उमगेल. कल्पना खोल होती, हे मी आजही मानते. मात्र आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतील निधनवार्ता वाचत आलेली माणसे आहोत. तीसपैकी सव्वीस जण 'मनमिळाऊ स्वभावाचे आणि कर्तव्यदक्ष' निघाले, आणि एकवीस जणांच्या जाण्याने 'कधीही भरून न येणारी पोकळी' निर्माण झाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी स्वतःवर इतके हृदयस्पर्शी भाषण केले, की अर्ध्यावर त्यांना हुंदका आवरेना. शेजारच्या बाईंनी पाणी दिले आणि सगळे सभागृह त्यांच्या जाण्याने हळहळले. नंतर त्यांनीच आम्हा सर्वांना कांदाभजी खाऊ घातली. घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा सासूबाईंनी मला देवापुढे दिवा लावायला लावला. "तिन्हीसांजेला स्वतःचं असलं काही लिहू नये," असे त्या म्हणाल्या.

त्या चार वर्तुळांचा मी पुढे माग काढला. बँकेत काम केलेल्या माणसाला कोणताही कागद कोणाकडून आला हे पाहिल्यावाचून चैन पडत नाही. 'इकिगाई' हा शब्द जपानी आहे खरा, आणि त्याचा अर्थ जगण्याचे मोल असा होतो. पण ती चार वर्तुळे जपानमधून आलेली नाहीत. ती २०११ साली आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने मांडली. त्यांच्या मध्यभागी 'उद्देश' असा शब्द होता. २०१४ साली मार्क विन या गृहस्थाने त्या शब्दाच्या जागी 'इकिगाई' घातला, आणि तेव्हापासून ती आकृती जपानचे प्राचीन ज्ञान म्हणून जगभर फिरते आहे. हे वाचून मला इतके हसू आले, की यजमान विचारायला बाहेर आले. जगभरच्या कार्यालयांतून लक्षावधी हुशार माणसे जी आकृती भरतात, तिचे मूळ शेवटी ज्योतिषाच्या टेबलावर निघावे! माझ्या आजीनेही माझी पत्रिका अशाच एका गृहस्थापुढे ठेवली होती, फक्त त्यात घरे बारा होती.

जपानी शब्दाची खरी गोष्ट त्याहून पुष्कळ गंभीर आहे. मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम केले आणि १९६६ साली इकिगाईवर ग्रंथ लिहिला. बाहेरची परिस्थिती सारखीच असताना, तीच भिंत, तेच बेट आणि तोच आजार असताना, एकाला जगणे पोकळ वाटते आणि दुसऱ्याला भरलेले वाटते, ते का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नात पैसे कशाचे मिळतात याला जागा नाही. तो वाचल्यावर माझ्या कागदावरचे तिसरे वर्तुळ मी पेन्सिलीने पुसून टाकले.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला या विषयावर विचार करायला फार लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. फाळके जन्मले इथून जवळच, त्र्यंबकेश्वरला, १८७० साली. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांची तसबीर आपण पाहतो तेव्हा ते जन्मतःच मूठ वळून 'चित्रपट' असे म्हणाले असावेत, असे वाटते. प्रत्यक्षात वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांनी काय केले ते पाहिले, तर कोणत्याही मराठी घरातील वडीलधाऱ्यांनी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' एवढाच शेरा मारला असता. ते चित्रकला शिकले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली आणि सोडली. छापखाना उभा केला, तो नावारूपाला आणला आणि त्यातूनही बाहेर पडले. ते जादूचे प्रयोगही करीत, आणि रंगमंचावर स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून उभे राहत. चाळीस वर्षांच्या गृहस्थाला चार लोकांत विचारावे, "मग, आता पुढे काय?" आणि त्याने टोपीतून रुमाल काढून दाखवावा, असा तो काळ.

१९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि राम-कृष्ण असेच पडद्यावर आणायचे हे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हा आधीच्या सगळ्या चिंध्या एकदम कामाला आल्या. कॅमेरा माहीत होता, अंधाऱ्या खोलीतील रसायने माहीत होती, देखावे रंगवता येत होते, आणि समोरची वस्तू प्रेक्षकांच्या देखत अदृश्य कशी करायची हे तर प्रोफेसर केळफांना पाठच होते. भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते याची चित्रे दिवसांमागून दिवस घेऊन त्याची छोटी फिल्म केली. तो वाटाणा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रोपाला आपण कोणासाठी वाढतो आहोत हे ठाऊक नव्हते, आणि त्याच्याकडे पाहत बसलेल्या माणसालाही पुढे काय होणार हे पुरते ठाऊक नव्हते.

मात्र या हकिकतीत मला फाळक्यांपेक्षाही जास्त जवळचा वाटणारा माणूस म्हणजे अण्णा साळुंके. पहिल्या चित्रपटासाठी तारामती हवी होती आणि त्या काळी चित्रपटात काम करायला स्त्री मिळेना. पुरुष मिळत, पण ते मिशी काढायला तयार नसत, कारण वडील हयात असताना मिशी उतरवायची नाही हा रिवाज. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा हा सडपातळ तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला. त्याला महिना दहा रुपये मिळत; फाळक्यांनी पंधरा देऊ केले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला तेव्हा त्यात तारामती म्हणून हाच साळुंके होता. १९१७ साली 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता ही दोन्ही कामे त्याने एकट्याने केली. पुढे तो कॅमेऱ्यामागेही उभा राहिला. आता कल्पना करा, की त्या उपाहारगृहात कोणी चार वर्तुळांचा कागद घेऊन त्याच्यापुढे बसले असते. कितीही प्रामाणिकपणे भरला असता, तरी त्या कागदाच्या मधोमध 'सीता' हा शब्द आला असता काय? त्याचे प्रयोजन त्याने शोधलेच नव्हते. ते गल्ल्यापाशी येऊन उभे राहिले, पाच रुपये जास्त देते म्हणाले, आणि त्याने हातातले काम खाली ठेवले.

दुसरे ठिकाण टाकळीचे. समर्थ रामदासांची गोष्ट प्रत्येक लग्नात कोणीतरी सांगतेच: बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा, भटजींनी 'सावधान' म्हटले आणि तो खरोखरच सावध होऊन मांडवातून पळाला. ध्येय सापडण्याची इतकी झटपट आणि इतकी सुटसुटीत कथा दुसरी नसेल, म्हणूनच ती लोकांना इतकी आवडते. माझ्या लग्नात यजमानांच्या मित्रांनी त्यांच्या मागे चारही बाजूंनी पहारा दिला होता. पण पळून आलेला तो मुलगा पोहोचला कुठे, तर आमच्याकडे, पंचवटीत. आणि परंपरा सांगते की नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर टाकळीला त्याने बारा वर्षे काढली, रोज सकाळी पाण्यात उभे राहून जप केला. 'सावधान' हा शब्द उच्चारायला एक क्षण लागतो. पाण्यातील बारा वर्षांची गोष्ट मात्र लग्नात कोणी सांगत नाही, कारण तिच्यात रोज तेच घडते.

आता माझ्या पाण्याकडे येते.

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे आहेत. महापालिकेचे पाणी पहाटे सव्वापाचला येते आणि तासाभरात जाते. ते जमिनीखालच्या टाकीत पडते. तिथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे आणि मग 'अ' आणि 'ब' विंगचे व्हॉल्व्ह आळीपाळीने उघडायचे, असा क्रम आहे. हे काम करणारा वॉचमन वडिलांच्या आजारपणामुळे गावी गेला, तेव्हा सोसायटीचे सचिव रात्री किल्ल्या घेऊन माझ्या दारात आले. "काकू, चार दिवसांचा प्रश्न आहे. तुम्ही आता घरीच असता ना?" सहा महिने ज्या उत्तराने लोकांना माझी काळजी वाटत होती, तीच आज माझी पात्रता ठरली होती. मी किल्ल्या घेतल्या. चार दिवसांची अडीच वर्षे झाली.

पंपाची खोली म्हणजे जिन्याखालची पत्र्याच्या दाराची कोंदट जागा. तिथे ओल्या सिमेंटचा आणि ग्रीसचा मिळून एक वास येतो, जो पहिल्या आठवड्यात नकोसा वाटला आणि आता गावाहून परत आले की बरा वाटतो. पाइपच्या मागे एक बेडूक राहतो. हिरवे बटण दाबले की मोटार आधी घुमते, मग तिचा आवाज जड होतो, आणि त्याच वेळी उभ्या पाइपवर तळहात ठेवला तर त्यातून गारवा वर सरकताना स्पष्ट कळतो. तो गारवा माझ्या हाताखालून निघून सहाव्या मजल्याच्या वर जातो, हे मला रोज नव्याने नवलाचे वाटते. टाकी भरली की जादाचे पाणी गच्चीवरच्या नळीतून मोगऱ्याच्या कुंडीत पडू लागते. तो आवाज आला की लाल बटण. मी एक वही घातली. तारीख, पाणी किती वाजता आले, मोटार चालू, मोटार बंद, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'दाब कमी', '३०२मध्ये पाहुणे', 'बेडूक मोटारीवर बसला होता, उठवून मग बटण दाबले' अशा नोंदी आहेत. महिनाअखेर मी खालच्या टाकीत आलेले आणि वर चढलेले पाणी यांचा मेळ घालते. तो जुळतो.

'ब' विंगमधील एका मुलाच्या लग्नाच्या दिवशी पहाटे मोटारीने हवा धरली. हवा धरली म्हणजे मोटार फिरते, पण पाणी चढत नाही; मग तिच्या डोक्यावरचे बूच काढून आत मगाने पाणी ओतत राहावे लागते, बुडबुडे थांबेपर्यंत. पाणी हवे असेल तर आधी तिला पाणी पाजावे लागते. मी ओतत होते, आणि वरून एकेक जण खाली येत होता: वराचे मामा, करवली, दोन आत्या, पंचे गुंडाळलेले व्याही आणि शेवटी कानामागे हळद आणि डोक्यावर साबणाचा फेस असलेला स्वतः नवरदेव. कोणी काही बोलत नव्हते. एक आत्या बालदी धरून होती, मामा विजेरी धरून होते, आणि आम्ही सगळे त्या बुचाच्या भोकाकडे गाभाऱ्यात पाहावे तसे पाहत होतो. एकदाचा आवाज जड झाला आणि करवलीने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आहेरात मला साडी मिळाली, आणि वहीत मी 'हवा धरली, २५ मिनिटे, मंगलकार्य निर्विघ्न' असे लिहिले.

सासूबाईंना माझे पहाटे उठून खाली जाणे सुरुवातीला पसंत नव्हते. "जन्माला आला हेला, पाणी वाहता वाहता मेला," असे त्या म्हणाल्या. त्यांनी लहानपणी पाठीवर पखाली घेऊन चाललेले रेडे पाहिले होते, तेव्हा ही म्हण त्यांच्यापुरती डोळ्यांपुढची होती. मी दिवसभर तिच्यावर विचार केला. वाया गेलेल्या आयुष्याचे चित्र काढताना आपल्या भाषेला पाणी वाहणेच आठवले. एखादा दुसऱ्यापुढे उणा पडला तर आपण म्हणतो, तो याच्यापुढे पाणी भरील. पण त्याच भाषेत उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धीही पाणी भरतात. आणि पैठणला एकनाथांच्या घरी तर प्रत्यक्ष देवाने श्रीखंड्या या नावाने राहून बारा वर्षे पाणी भरले, असे लोक मानतात. देवाला नाथांच्या घरी काय नको होते? कीर्तन होते, ग्रंथलेखन होते, पंगती होत्या. त्याने कावड उचलली. हेला आणि श्रीखंड्या यांच्या खांद्यावर ओझे एकच आहे, आणि माझ्या मते जगण्याच्या प्रयोजनाचा सगळा प्रश्न त्या दोघांच्या मधल्या अंतरात आहे. ओझे बदलून ते अंतर मिटणार नाही. आपण कोणाच्या घरी पाणी भरतो आहोत आणि तिथे आपले कोण आहे, यावर ते अवलंबून असावे, असे मला वाटते.

गेल्या वर्षी नाथषष्ठीच्या आधी मी पैठणला जाऊन आले. त्र्यंबकहून निघालेली, आमच्या नळाला येणारी गोदावरी तिथे पुढे जाते, तेव्हा एका अर्थी मी पाण्याच्या मागेच गेले. नाथांच्या वाड्यातील रांजण तुकाराम बीजेपासून भाविक कळशा ओतून भरू लागतात, आणि श्रीखंड्या येऊन गुपचूप आपली घागर ओतून गेल्याशिवाय तो काठोकाठ भरत नाही अशी श्रद्धा आहे. रांगेत माझ्यापुढे जालन्याची एक आजी होती. तिने कळशी ओतली, रांजणात डोकावून पाहिले आणि वळून मला म्हणाली, "अजून लई हाय, चालू दे." मी माझी कळशी ओतली आणि मागच्या मुलाला तेच सांगितले. संध्याकाळच्या बसने मी परत आले, कारण सव्वापाचला मोटार होती.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव आला, की टाकीत संवेदक बसवून मोटार आपोआप चालू-बंद होईल असे यंत्र घ्यावे. तरुण मंडळींनी किंमत, हमी, सगळे नीट काढून आणले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कोणाला माझे मन दुखवायचे नव्हते, म्हणून ठराव मांडणारा मुलगा शब्दाशब्दाला 'काकूंच्या सेवेबद्दल कृतज्ञता' म्हणत होता. मी ठरावाला अनुमोदन दिले. यंत्र चांगले होते, आणि मी आजारी पडले तर चोवीस बिऱ्हाडांनी काय करायचे, हा हिशेब मलाही कळत होता. यंत्र बसले त्या रात्री किल्ल्या परत करताना मात्र त्या हातातून लवकर सुटेनात.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला जाग आली. मी अंथरुणातच पडून राहिले. खाली मोटार घुमली, आवाज जड झाला, सगळे वेळेवर, बिनचूक. मी छताकडे पाहत होते आणि यजमान झोपेचे सोंग करीत माझ्याकडे पाहत होते. साडेपाचला दाराची घंटा वाजली. दारात तळमजल्यावरचे नाना, वय वर्षे चौऱ्यांशी, डोक्याला मफलर, हातात थर्मास. अडीच वर्षांपूर्वी, मी काम घेतल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, ते पंपाच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसू लागले होते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या होत्या आणि चारलाच जाग येते असे ते म्हणाले होते. मोटार चालू असेपर्यंत आम्ही चहा घेत असू. बेडूक आला आहे का, मोगऱ्याला कळ्या किती आल्या, धरणात पाणी किती टक्के आहे, एवढेच बोलणे होई. वहीत त्याची नोंद कधी केली नव्हती, कारण ते पाण्याच्या कामात मोडते असे मला वाटले नव्हते.

"वहिनी, मोटार कधीची चालू झाली," नाना म्हणाले. "तुम्ही आला नाहीत. चहा गार होतोय."

मी शाल घेतली, फडताळातून वही काढली आणि त्यांच्यामागून जिना उतरले. पाणी ५.१४ला आले होते. मोटार आपोआप बंद ६.०२. शेरा: दाब चांगला, बेडूक आहे, चहा दोन कप.